प्रवेश विनामूल्य

डिसेंबर जवळ आला की पुण्यात जो भेटेल तो विचारतो, "यंदा सवाईला आहात ना?" सवाई कधी आहे, कुठे आहे, पहिल्या दिवशी कोण आणि शेवटी कोण, हे गाण्याशी फारसे देणेघेणे नसलेल्यांनाही ठाऊक असते. त्याच मंडळींना फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी विचारून पाहा, की आज संध्याकाळी गावात कुणाचे गाणे आहे? शंभरातल्या नव्वदांना सांगता येणार नाही. त्यात त्यांचा दोष नाही, कारण ते कळायची सोयच फारशी उरलेली नाही. शहरात गाणे कितपत जिवंत आहे हे डिसेंबरातल्या मांडवावरून जोखू नये, या मंगळवारवरून जोखावे, असे माझे मत आहे. आणि मंगळवारची आज जी रया गेली आहे तिला हल्ली प्रत्येक निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी असणारी 'प्रवेश विनामूल्य' ही ओळ बरीचशी जबाबदार आहे. पुण्यात राहून हे लिहायचे म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांशी वाकडे घेण्यासारखे आहे, पण इलाज नाही.

सवाईबद्दल माझी तक्रार नाही. कुंदगोळचे रामभाऊ म्हणजे सवाई गंधर्व 1952 साली गेले आणि पुढच्या वर्षापासून भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. मांडवात खुर्च्यांमागे सतरंजीवर बसायच्या जागेला 'भारतीय बैठक' म्हणतात. तिथले तिकीट काढून विद्यार्थी, कारकून, शिक्षक मांडी घालून बसले आणि ज्या गवयांना एरवी दिवाणखान्यांतच ऐकता आले असते ते त्यांनी ऐकले. हे काम लहान नाही. पण महोत्सव झाला म्हणजे वर्षभराचे ऐकणे झाले, अशी एक समजूत हळूहळू रुजली. वसंतराव देशपांडे, किशोरीताई आमोणकर अशा थोरांच्या नावाने आणखी महोत्सव आले आणि ऐकण्याचे एक हंगामी पीकच तयार झाले. दिवाळीनंतर पेरणी, फेब्रुवारीत कापणी, मग शेत रिकामे.

ज्याला गाऊन पोट भरायचे आहे त्याला मात्र बाराही महिने भूक लागते. तिशीतली एखादी गायिका मोठ्या मांडवात चाळीस-पन्नास मिनिटे गाते, टाळ्या पडतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. पुढे काय? तिला त्याच वर्षात आणखी पंचवीस-तीस ठिकाणी गायला मिळायला हवे, आणि तेही जिथे चुकले तरी चालते अशा ठिकाणी. दहा हजार माणसांपुढे नवा राग कुणी काढत नाही. तिथे यमन, पुरिया धनाश्री, मारुबिहाग असे हमखास रंगणारे रागच येतात. नुकती हाती आलेली बंदिश, ज्याचा अंतरा अजून नीट बसलेला नाही असा एखादा जोडराग, विलंबित झुमऱ्यात आपला दम किती टिकतो याची परीक्षा, हे सगळे ऐंशी माणसांच्या सभागृहात होते. तबला आणि पेटी वाजवणाऱ्यांचे तर पूर्ण गणितच छोट्या कार्यक्रमांवर चालते, कारण मोठ्या महोत्सवात साथीला बसणारी नावे बहुतेक ठरलेली असतात. तेव्हा महोत्सव हे झाडाचे फळ समजायला हरकत नाही, पण पाणी कुठे घालायचे ते तरी आपल्याला कळले पाहिजे.

हे पाणी घालायची एक पद्धत आपल्याकडे होती. 1874 साली पुण्यात गायन समाज निघाला. 1911 मध्ये भास्करबुवा बखल्यांनी भारत गायन समाजाची स्थापना केली. मुंबईत गिरगावापासून सांताक्रूझपर्यंत म्युझिक सर्कली झाल्या, कोल्हापुरात देवल क्लब होता. सर्कलीची रीत सरळ असे. सभासदाने वर्गणी भरायची, त्याबदल्यात ठरावीक दिवशी गाणे. कुणाचे, ते कळेल तेव्हा कळेल, पण दिवस पक्का. पुढची मैफल कधी, हा प्रश्न सभासदाला पडतच नसे. अनोळखी गवयालाही श्रोते मिळत ते याच कारणाने. माणसे दिवस पाळत आणि नाव तिथे गेल्यावर कळे.

अर्थात त्या काळावर लगेच हार चढवायला नकोत. सर्कलीत कोण बसे? ज्यांची ओळख होती ते. ओळख म्हणजे बहुधा जात, पेठ, हुद्दा. एकोणिसाव्या शतकात गायन समाज काढणाऱ्यांना गाण्याला 'प्रतिष्ठा' मिळवून द्यायची होती, आणि त्या प्रतिष्ठेच्या बैठकीत ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गाणे होते त्या कलावंतिणींना मानाने जागा नव्हती. हे चित्र बदलायला ज्या गोष्टी कारणी लागल्या त्यांत तिकीट ही एक मोठी गोष्ट होती, आणि ती आपण सोयीस्कर विसरतो. हिराबाई बडोदेकर तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या अगदी पहिल्या गायिकांपैकी एक. यजमानाच्या माडीवर गाणारी बाई यजमानाच्या मर्जीने गाते. तो सांगेल तेव्हा थांबते, तो सांगेल ती ठुमरी म्हणते. तिकिटाच्या मैफलीत समोर बसलेल्या कुणालाच तो अधिकार नसतो. ज्याने आठ आणे दिले त्याला ऐकायचा हक्क आहे, आणि तेवढाच. हिराबाई हातवारे न करता, शांत बसून गात. त्या शांतपणाला तिकिटाचा आधार होता असे मला वाटते. खुद्द हिराबाईंनी त्याकडे असे पाहिले असेल की नाही, तो प्रश्न वेगळा.

आता आजच्या विनामूल्य संध्याकाळकडे येऊ. जे लिहितो ते कुठल्या एका संस्थेबद्दल नाही. ज्याने अशा दहा संध्याकाळी काढल्या आहेत त्याला ते ओळखू येईल. वेळ सहाची. पहिल्या तीन रांगांवर 'राखीव' लिहिलेले कागद चिकटवलेले, त्यामुळे पावणेसहाला आलेली माणसे चौथ्या रांगेपासून मागे. सव्वासहाला प्रमुख पाहुणे येतात. दीपप्रज्वलन, त्यात वाऱ्याने दोनदा विझणारी वात. मग प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, प्रायोजकांचा परिचय, आणि शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. सूत्रसंचालिका प्रत्येक नावापुढे 'ज्यांच्या अमूल्य सहकार्याशिवाय' असे म्हणते. प्रायोजक सराफ असेल तर तो दोन शब्द बोलतो, बांधकाम व्यावसायिक असेल तर चार, आणि राजकारणी असेल तर गाण्यातले आपल्याला काही कळत नाही हे कबूल करून वीस मिनिटे बोलतो. तोवर आत तानपुरे लावून ठेवलेले असतात ते उतरतात. पडदा पुन्हा उघडतो तेव्हा साडेसात झालेले असतात. तबलजी हातोडीने गठ्ठे ठोकून पुन्हा सूर जुळवतो. सभागृह साडेनऊला रिकामे करून द्यायचे असते. त्यात मध्यंतर, मध्यंतरात कलाकारांचा सत्कार, उत्तरार्धात एक नाट्यपद आणि एक अभंग या दोन फर्माइशी. मूळ रागाला उरतात पस्तीस मिनिटे. गायकाने पुरियाची बढत करताना निषादावर जरा जास्त रेंगाळायचे ठरवले, की विंगेतून कुणीतरी मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवते.

ही वाईट माणसे नाहीत. आयोजक स्वतःच्या खिशाला चाट लावून, नोकऱ्या सांभाळून, सतरंज्या उचलून हे करतात, आणि त्यांच्याशिवाय तेवढे पस्तीस मिनिटांचे गाणेही झाले नसते. पण गणित पाहा. श्रोत्याने काही द्यायचे नाही असे ठरले की कुणीतरी दुसऱ्याने द्यायचे. जो देतो त्याला संध्याकाळचा वाटा हवा असतो, आणि तो वाटा गाण्याच्या वेळेतून जातो. म्हणजे श्रोता पैसे देत नाही, रागातली चाळीस मिनिटे देतो. त्याच्या ते लक्षात येत नाही, कारण ही पावती कुणी फाडत नाही. शिवाय फुकटच्या संध्याकाळी मध्यंतरात उठून जाणे सोपे असते, आणि फोन वाजला तर बाहेर जाण्याऐवजी तोंडावर हात धरून 'गाण्याला आलोय, बोल' असे म्हणणेही. दीडशे-दोनशे रुपये भरून आलेला माणूस निदान शेजारच्याकडे रागाने बघतो!

यावर रास्त आक्षेप असा की तिकीट लावले तर गरिबाने गाणे ऐकायचे नाही का? तो मनावर घेण्यासारखा आहे, कारण महाराष्ट्रात विनामूल्य गाण्याच्या फार मोठ्या परंपरा आहेत आणि त्या पुण्याच्या सभागृहांपेक्षा निरोगी आहेत. मिरजेला मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या दिवसांत संगीत सभा होते. अब्दुल करीम खाँ 1937 साली गेले, ते त्याच दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. त्यांच्या स्मरणार्थ तिथल्या चिंचेखाली गायक-वादक येऊन बसतात आणि गातात. तिथे मानधनाचे बोलणे नसते. हजेरी लावायची, बस्स. सवाई गंधर्व हे खाँसाहेबांचे शिष्य आणि हिराबाई त्यांच्या कन्या. म्हणजे पुण्याचा सगळा डामडौल एका अर्थी या चिंचेखालून निघाला आहे. मिरजेत श्रोता पैसे देत नाही आणि गाणाराही घेत नाही. दोन्ही बाजूंनी फुकट असल्यामुळे मध्ये कुणाची शाल येत नाही.

नारायणगावची तऱ्हा निराळी. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशा फडांच्या राहुट्या पडतात. जुन्नर, आंबेगाव, नगर, नाशकाकडच्या गावांच्या यात्रा कमिट्या येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, गणगवळण कशी, वग कोणता, गाणारी कोण याची चौकशी करतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन तारीख पक्की करतात. चैत्र-वैशाखात कुठल्या गावात कुठला फड, याचे पूर्ण वेळापत्रक त्या मोकळ्या रानात ठरते. यात्रेची तिथी पंचांगाने ठरवलेली, त्यामुळे गावातल्या कुणालाही पुढच्या कार्यक्रमाची चौकशी करावी लागत नाही. यात्रेच्या रात्री माणसे तिकिटावाचून बसतात, पण त्याला फुकट म्हणता येत नाही. घराघरातून वर्गणी गेलेली असते. म्हणून फड रंगला नाही तर गाव बोलते, आणि गावाला तो अधिकार असतो.

तसेच 14 एप्रिलच्या आगेमागे वस्त्यावस्त्यांतून होणाऱ्या भीमगीतांचे. वामनदादा कर्डकांपासून चालत आलेली ही गाणी, कव्वालीच्या अंगाने रंगणारे सामने, ढोलकीची साथ, आणि समोर लहान पोरापासून म्हातारीपर्यंत आख्खी वस्ती. मंडप, ध्वनिक्षेपक, गायकाची बिदागी हे सगळे मंडळाच्या वर्गणीतून. संख्येने पाहिले तर महाराष्ट्रातल्या जिवंत संगीताचा हा केवढा तरी मोठा भाग आहे. पण 'सांस्कृतिक पुणे' म्हणून जी यादी छापली जाते तिच्यात तो दिसत नाही. माझ्या ओळखीतले जे लोक वर्षाला पन्नास मैफली ऐकतात त्यांच्यापैकी एकानेही असा सामना पूर्ण ऐकलेला नाही, आणि मीही त्यांतलाच. फार तर रस्त्याच्या कडेला उभे राहून दोन गाणी. गावातले गाणे आपल्याला माहीत आहे असे म्हणताना एवढे तरी लक्षात ठेवावे.

तेव्हा अडचण फुकटपणाची नाही. पैसे कुणी दिले आणि त्या बदल्यात संध्याकाळ कुणाच्या मालकीची झाली, इथे खरी मेख आहे. मिरजेत ती पिराची, नारायणगावात गावाची, वस्तीत वस्तीची. शहरातल्या विनामूल्य सभागृहात ती ज्याचा फलक मंचामागे सर्वांत मोठा असतो त्याची. शहरात पंचक्रोशी नाही, वर्गणी मागायला दारोदार जाणारी कमिटी नाही, शेजारच्या सदनिकेत कोण राहते ते ठाऊक नाही. तिथे वर्गणीच्या जागी ठेवता येईल अशी एकच गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर येते, आणि ती म्हणजे परवडेल असे तिकीट. विद्यार्थ्यांना अर्ध्या दरात द्या, ज्याला जमत नाही त्याला मागच्या दाराने बसू द्या. पण बाकीच्यांकडून घ्या.

राहिला कळण्याचा प्रश्न. पूर्वी वर्तमानपत्रात आतल्या पानावर बारीक टाइपात 'आजचे कार्यक्रम' असत. व्याख्यान, कीर्तन, पुस्तक प्रकाशन, गायन, आणि त्यापुढे स्थळ, वेळ. चहाबरोबर दोन मिनिटांत वाचून होई आणि संध्याकाळचे ठरे. ते सदर आता कुठे आक्रसले आहे, कुठे गेलेच आहे. त्याच्या जागी व्हॉट्सअॅपवर फिरणारी चित्रे आली. एक चित्र नीट पाहा. वर पाच उपस्थितांचे गोल फोटो. त्याखाली संस्थेचे बोधचिन्ह, प्रायोजकांची चार बोधचिन्हे. मध्ये गायकाचा फोटो, हात वर केलेला, हसरा. तबला आणि हार्मोनियमची नावे इतक्या बारीक अक्षरांत की मोठे करून पाहिले तर पिक्सेल फुटतात. वार आहे, तारीख आहे, साल नाही. म्हणून गेल्या वर्षीचेच चित्र यंदा पुन्हा फिरते आणि माणसे बंद दारापाशी जाऊन उभी राहतात. काय गाणार याचा पत्ता नाही. किती वेळ गाणार, याचाही नाही. आणि हे पोहोचते कधी, तर कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चार वाजता, सहा गटांतून एकदमच.

पंधरा दिवस आधी, एका ठिकाणी, सगळ्या संस्थांच्या तारखा एकत्र असत्या तर निम्मी भांडणे मिटली असती. आज एकाच शनिवारी शहरात चार गाणी असतात, चारही अर्धी रिकामी, आणि पुढचे तीन आठवडे काही नसते. संस्थांना एकमेकींच्या तारखा माहीत नसतात. माहीत असल्या तरी पाळायच्या नसतात, हेही खरे. शिवाय महापालिकेच्या नाट्यगृहांच्या तारखा काही महिने आधी वाटल्या जातात. शनिवार-रविवार व्यावसायिक नाटकांना लागतो, आणि गाण्याच्या संस्थेला जो दिवस मिळतो तो घ्यावा लागतो. सुदर्शन रंगमंच किंवा ज्योत्स्ना भोळे सभागृहासारख्या छोट्या जागा आहेत म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी थोडी हालचाल दिसते. मोठ्या शहराला अशा दोन-चार जागा पुरत नाहीत.

यूट्यूबवर सगळे असताना हवेत कशाला हे उपद्व्याप, असे म्हणणारे भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्यात मी वेळ घालवत नाही. तिथे सगळे आहे ते झालेले आहे.

सगळ्यात जास्त तोटा झाला आहे तो रात्रीचा. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले, 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी पक्के केले. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक नाही. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकते, त्यातला एखादा दिवस महोत्सवाच्या वाट्याला येतो. मुंबईत धोबीतलावचे रंगभवन शांतता क्षेत्रात अडकले आणि जाझ यात्रेपासून रॉकपर्यंत सगळ्यांचा उघडा रंगमंच गेला. नियम चूक आहे असे मी म्हणणार नाही. गणपतीत ज्याच्या खिडकीखाली डीजेची भिंत उभी राहते तो असे म्हणूच शकत नाही. पण सवाईच्या मांडवात एकेकाळी पहाटेपर्यंत गाणे चाले. मध्यरात्रीचा दरबारी, मग अडाणा, उत्तररात्रीचा सोहनी, परज, आणि उजाडता उजाडता ललित, हा क्रम रागांच्या वेळेने आपोआप लागे. आज तिशीत असलेल्या श्रोत्याने दरबारी रात्री साडेआठला ऐकला आहे आणि ललित ऐकलाच असेल तर रविवारी सकाळच्या एखाद्या कार्यक्रमात, नाश्ता आटोपून. परज त्याने बहुधा समोर बसून ऐकलेलाच नाही. गवईसुद्धा जो राग गायची वेळ कधी येत नाही तो कशाला घोटत बसतील?

आता ध्वनिप्रदूषणाचा हा नियम वाचून पाहा. बंदिस्त सभागृहात, आवाज आतल्या आत राहील असे, रात्रीही गाणे करायला त्याची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती सत्रांची. सकाळ, दुपार, रात्र अशा तीन सत्रांत नाट्यगृह भाड्याने मिळते, आणि रात्रीनंतरचे सत्र कुठल्याच दरपत्रकात नाही. रखवालदार, वीजतंत्री, स्वच्छतेची माणसे यांच्या पाळीचा प्रश्न, उपाहारगृह बंद, घरी जायला शेवटची बस गेलेली. हे सगळे पैशाने आणि एका अर्जाने सुटणारे प्रश्न आहेत. माघ महिन्यात, नाटकांची गर्दी नसलेल्या आठवड्यात, शहरातल्या तीन-चार संस्थांनी मिळून एक वातानुकूलित नाट्यगृह रात्री दहा ते सकाळी सहा मागावे. पाचशे रुपये तिकीट, दोन गायक, एक वादक, सत्कार नाही, पाहुणे नाहीत, पहाटे चारला चहा. माझ्या अंदाजाने दोनशे तिकिटे जातील. दोनशेवर खर्च निघत नाही, साडेतीनशेवर निघतो. वरची दीडशे कुठून आणायची, यावर संस्थांच्या चिटणिसांनी एकदा एका टेबलाशी बसावे, आणि त्या दिवशी मात्र चहा प्रायोजकाने पाजला तरी चालेल.